गिटारवाल्या पोट्ट्यांना स्वतःची गाणी म्हणू द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे शहरातल्या गाणाऱ्या पोरापोरींवर एक अख्खं पान आलं होतं, फोटो छान होते, माहितीही बरीच होती, पण त्यात मधेच एक वाक्य असं होतं की एकटाच गिटार घेऊन बसणारा मुलगा म्हणजे ज्याला अजून बँड मिळाला नाही किंवा जो एखाद्या रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनची वाट पाहून राहिला तो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं, म्हणून हे पत्र. मी प्रताप नगरात गिटारचे क्लास घेतो, माझ्याकडे येणाऱ्या पोट्ट्यांपैकी काहीजण स्वतःची गाणी लिहितात, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, एकजण तर वऱ्हाडीत लिहितो, आणि त्यातल्या एकाच्या बाबांनी ते पान वाचून त्याला विचारलं की मग तुझं हे गाडीची वाट पाहत प्लॅटफॉर्मवर बसल्यासारखं बसून राहणं अजून किती दिवस चालणार. त्या बाबांची काळजी खरी आहे, त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. पण एकट्याने गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणं हे पूर्ण काम आहे, त्यात वीस-वीस वर्षांचं करिअर होतं, झालेलं आहे, आणि नागपुरात ते का होऊन नाही राहिलं याची कारणंही साधी आहेत, आपल्याला दूर करता येतील अशी.

मी क्लासमधे नेहमी डॅलस ग्रीनचं उदाहरण देतो. कॅनडातला माणूस, ओंटारिओमधल्या सेंट कॅथरिन्स गावचा, जन्म १९८०चा. २००१मधे तो अ‍ॅलेक्सिसऑनफायर नावाच्या बँडमधे आला, संगीत पोस्ट-हार्डकोर, म्हणजे एक गायक घसा फाटेस्तोवर ओरडतो, दोन-दोन इलेक्ट्रिक गिटार अंगावर येतात, ड्रम थांबायचं नाव घेत नाही, आणि त्या सगळ्या कल्लोळात अचानक एक स्वच्छ, उंच, गोड आवाज येतो तो या डॅलसचा. बँड जोरात चालू होता, टूरवर टूर. आणि तेव्हाच, बँड फुटल्यावर नाही हं, बँड जोरात चालू असतानाच, हा माणूस बाजूला आपली संथ गाणी लिहीत होता जी त्या बँडमधे बसूच शकत नव्हती. ती आधी इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोचली, लोक अजून मागायला लागले, आणि २००५मधे डाइन अलोन नावाच्या कॅनडातल्याच एका स्वतंत्र कंपनीकडून पहिला अल्बम आला. प्रोजेक्टचं नाव ठेवलं सिटी अँड कलर, डॅलस हे शहर आणि ग्रीन हा रंग, कारण कव्हरवर सरळ स्वतःचं नाव टाकायचा त्याला संकोच वाटत होता. बहुतेक सगळा अल्बम म्हणजे गिटार आणि आवाज, एवढंच. त्याच अल्बमला २००७मधे जुनो मिळाला, जुनो म्हणजे कॅनडातला संगीताचा सगळ्यात मोठा पुरस्कार. ज्या माणसाकडे भरलेला, चाललेला बँड होता त्याने एकटं बसायचं ठरवलं, याचा विचार करा जरा.

पण मला त्याच्या पहिल्या यशापेक्षा पुढची वर्षं जास्त सांगावीशी वाटतात, कारण करिअर म्हणजे तीच. २००८मधे दुसरा अल्बम, आता त्यात बँजो, हार्मोनिका आले, पण मधे बसलेला माणूस तोच. २००९मधे बँडचा पुढचा अल्बम, म्हणजे दोन्हीकडे काम चालूच, इकडची टूर संपली की तिकडची. २०११मधे एकट्याचा तिसरा, हॅमिल्टन शहरात एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केलाय तिथे रेकॉर्ड झालेला, आणि तो कॅनडाच्या अल्बम चार्टवर पहिल्या नंबरवर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमधे बँड संपल्याचं जाहीर झालं, कारण दोन्ही गाड्या एका माणसाला ओढवत नव्हत्या. बघा किती वर्षं त्याने दोन्ही सांभाळलं. कोणी रातोरात सगळं सोडून गिटार घेऊन निघालं नाही. पुढे २०१४मधे पिंकसारख्या जगप्रसिद्ध गायिकेबरोबर दोघांचाच एक अल्बम केला, तोही असाच अ‍ॅकॉस्टिक, दोन आवाज आणि गिटार. मग आपल्या टूरच्या साथीदारांना घेऊन भरलेल्या आवाजाचा अल्बम केला, आणि एवढं मोठं होऊन २०१७मधे हा परत कॅनडाभर छोट्या थिएटरांमधे साधा सेटअप घेऊन गायला गेला, त्याच टूरचा लाइव्ह अल्बम २०१८मधे आला. बँडही परत एकत्र आला, २०२२मधे त्यांचा नवा अल्बमही आला. मधे २०१९मधे सोबत काम करणारा त्याचा जवळचा मित्र गेला, घरातलंही एक माणूस गेलं, तर २०२३चा अल्बम त्या दुःखातून लिहिलेला आहे. मी हा मुद्दा पोरांना मुद्दाम सांगतो. पंचविशीत प्रेमभंगाची गाणी लिहिणारा माणूस चाळिशीत मरणाबद्दल लिहितो, आणि ज्यांनी त्याचं पहिलं गाणं कॉलेजात ऐकलं होतं ते आता स्वतः चाळिशीत असतात, तेही कोणाला तरी गमावून बसलेले असतात. ऐकणारे गाणाऱ्यासोबत मोठे होतात. रिअ‍ॅलिटी शोमधे एका सीझनमधे हे कसं होणार, सांगा.

कोणी म्हणेल कॅनडाचं काय सांगून राहिले, इथलं बोला. तर प्रतीक कुहाड घ्या. जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र शिकला, दिल्लीत येऊन छोट्या जागांमधे गिटार घेऊन गायला लागला, २०१५मधे पहिला मोठा अल्बम, २०१८मधे सहा गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड, आणि २०१९च्या शेवटी बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांची यादी टाकली त्यात त्याचं गाणं. त्यानंतर इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीने त्याला घेतलं. लोकांना फक्त ओबामा आठवतात. मधली छोट्या जागांमधली वर्षं कोणी मोजत नाही, आणि माझं म्हणणं आहे की खरं काम त्याच वर्षांत झालं, आणि ती वर्षं काढायला आधी ती छोटी जागा तर पाहिजे ना.

आता ही गोष्ट अवघड का आहे ते थोडं सांगतो, कारण बाहेरून फार सोपी दिसते, एक स्टूल, एक माइक, एक गिटार. बँडमधे ताल सुटला तर ड्रमर सावरतो, सूर हलला तर बाकीच्या आवाजात लपतो, शब्द विसरला तर लीड गिटारवाला चार बार वाजवून घेतो. एकटा माणूस कुठे लपणार? उजव्या हाताचा अंगठा खालच्या सुरात बास सांभाळतो, बाकीची बोटं वर धून काढतात, त्याच वेळी गायचंय, शब्दांचा अर्थ चेहऱ्यावर राहिला पाहिजे, आणि दोन गाण्यांच्या मधे कॅपो, म्हणजे सूर चढवायचा चिमटा, सरकवत, ट्युनिंग बदलत लोकांशी बोलायचंही आहे. माझे विद्यार्थी सगळ्यात जास्त या मधल्या बोलण्याला घाबरतात. गाणं पाठ होतं हो, शांतता कशी सांभाळायची ते कोण शिकवणार, ते फक्त लोकांसमोर बसूनच येतं.

आणि आपलं हवामान! गिटारचं लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, साधारण ४५ ते ५५ टक्के ओलावा असला की ते खुश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर, हवा कोरडी ठाक, लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना, टेकून खरखर करतात, मानेच्या कडेने फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटं कापतात, कधी फळीला सरळ चीर जाते. संध्याकाळी घरात डेझर्ट कूलर लागला की तीच खोली एकदम दमट, गिटार परत फुगते. जुलैत तर तारा इतक्या वर उचलल्या जातात की एफ कॉर्ड दाबताना नवीन पोराच्या डोळ्यात पाणी येतं. म्हणून मी सांगत असतो की गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका, केसमधे ठेवा, केसमधे ओलाव्याची छोटी डबी ठेवा, गाडीच्या डिकीत तर उन्हाळ्यात अजिबात नको, सरस वितळून ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उखडतो. हे सगळं सांभाळून पोट्टे वाजवतात, तारांचे सेट स्वतःच्या पॉकेटमनीतून बदलतात. याला टाइमपास म्हणू नका एवढीच विनंती.

आता नागपूर. इथे गाणं कमी आहे असं कोणी म्हणूच शकत नाही. जुन्या हिंदी गाण्यांचे कार्यक्रम सायंटिफिक सभागृहात, साई सभागृहात, धनवटे सभागृहात वर्षभर चालू असतात, कराओके क्लब तर इतके झालेत की रिटायर झालेली माणसं तिथे मनापासून, रीतसर तयारी करून गातात, मला त्याचं फार कौतुक आहे. शास्त्रीयला देशपांडे सभागृह भरतं. खासदार महोत्सवात मोठमोठे कलाकार येतात तेव्हा ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे ऐकणारे कान आहेत, बाहेर पडायची सवय आहे. फक्त नवीन, न ऐकलेलं गाणं, तेही आपल्याच गल्लीतल्या पोराने लिहिलेलं, ते ऐकायला वेगळी अशी एकही जागा नाही.

धरमपेठ, सदर, रामदासपेठ इकडे कॅफे खूप निघाले, बऱ्याच ठिकाणी शनिवारी-रविवारी लाइव्ह म्युझिक असतं. माझ्या एका विद्यार्थ्याला अशाच एका कॅफेने बोलावलं होतं, त्याने तीन गाणी नेहमीची म्हटली, चौथं स्वतःचं सुरू केलं तर मॅनेजर येऊन कानात सांगून गेला की भाऊ, ओळखीचं वाजव, टेबलवरचे लोक बोअर होतात. पोरगं गप बसलं आणि उरलेला वेळ फर्माइशी वाजवत राहिलं. पैसे म्हणून कॉफी आणि सँडविच, वर सांगितलं की तुला एक्सपोजर मिळतं ना. मला मॅनेजरचीही अडचण समजते, त्याला टेबलं फिरवायची असतात, मिक्सरचा आवाज, पावभाजीची ऑर्डर, कोणाचा तरी बर्थडे, तिथे कोणाला हळू गाणं ऐकू येणार. पण फर्माइशी वाजवून वाजवून कोणाचंही करिअर होत नाही, हात साफ होतो फक्त. स्वतःचं गाणं दहावेळा लोकांसमोर म्हटल्यावरच कळतं की दुसरं कडवं लांबलंय, इथे लोकांचं लक्ष सुटतं, इथे कोणीतरी मान वर करून बघतं. ती दुरुस्ती घरी बसून होत नाही.

यावर उपाय जगाने शोधून ठेवलेत आणि ते महागाचे नाहीत. अमेरिकेत नॅशविल शहरात ब्लूबर्ड कॅफे आहे, १९८२पासूनचं, दुकानांच्या लाइनीतला एक साधा गाळा, जेमतेम ९० खुर्च्या. तिथला नियम एकच, गाणं चालू असताना बोलायचं नाही. गीतकार मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात, आधी ते कसं सुचलं ते सांगतात. तिथे ऐकून ऐकून पुढे किती गायकांना कंपन्यांनी घेतलं, टेलर स्विफ्टही शाळकरी वयात तिथेच गाताना एका कंपनीवाल्याला सापडली. दुसरं, टायनी डेस्क. २००८मधे अमेरिकेतच ऑस्टिनला एका बारमधे लॉरा गिब्सन नावाची गायिका अशीच एकटी गिटारवर गात होती, गर्दीच्या गोंगाटात तिचा आवाज ऐकूच येईना, तर तिथे आलेल्या रेडिओवाल्यांपैकी एकजण गमतीने म्हणाला की तू आमच्या ऑफिसात टेबलापाशी येऊन गा. ती खरंच गेली, त्यांनी रेकॉर्ड केलं, आणि तिथून जगात सगळ्यात जास्त पाहिली जाणारी अशी एक मैफल सुरू झाली. टेबल, पुस्तकांचं कपाट आणि शांतता. लंडनला २००९मधे सोफार नावाने घराघरांतल्या बैठका सुरू झाल्या त्याही याच कारणाने, लोक गाण्याच्या वेळी बोलत होते म्हणून.

मग आपल्याकडे काय लागेल? मोठं सभागृह नकोच. रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात दोन हजारांच्या आसपास माणसं बसतात, तिथे एकटा पोरगा गिटार घेऊन हरवून जाईल, भाडंही परवडणार नाही. पण ज्यांचं नाव त्या सभागृहाला आहे ते भटसाहेब स्वतःची गझल स्वतः तरन्नुममधे, म्हणजे चालीत गाऊन, म्हणायचे, स्वतःच्या शब्दांना स्वतःचा आवाज, हे आपल्या विदर्भाने ऐकलंय, त्यासाठी जीव टाकलाय. त्याच्याही आधी मोझरीचे तुकडोजी महाराज. हातात खंजिरी, भजन स्वतः रचलेलं, गाणारेही स्वतःच, आणि गावंच्या गावं गोळा व्हायची, मागे साथीला लोक असायचे पण सगळ्यांचे कान त्या एका आवाजाकडे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे तो माणूस आपली गाणी घेऊन गावोगाव फिरला. इतका जवळचा वारसा असताना एका पोट्ट्याने आपल्या शब्दांना गिटार लावली तर ते आपल्याला परकं का वाटावं, मला खरंच कळत नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी नवी भीमगीतं येतात, लोक नवीन गाणं उभं राहून ऐकतात, विकत घेतात. नवीन ऐकायची सवय इथे आहेच की.

म्हणून माझी सूचना अशी, शहरातल्या ज्या संस्थांकडे ५०-१०० खुर्च्यांचे छोटे हॉल आहेत, वाचनालयं आहेत, शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात, त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ फक्त स्वतःच्या गाण्यांसाठी द्यावी. स्पीकरची भिंत लागत नाही, एक छोटा अ‍ॅम्प आणि एक माइक पुरतो, रात्री दहाच्या आत सगळं संपतं त्यामुळे आवाजाच्या नियमाचाही प्रश्न नाही, शेजाऱ्यांनाही त्रास नाही. आणि तिकीट लावावं. हे मी जोर देऊन लिहून राहिलो. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की पहिला प्रश्न असतो पास आहे का, ही सवय आपणच मोडली पाहिजे, सिनेमाला तिकीट काढतो, आयपीएलला काढतो, तर पोराच्या गाण्यालाही काढू. रक्कम कमी ठेवा पण फुकट ठेवू नका, आणि आलेल्या पैशातून हॉलचा खर्च वजा जाता बाकी सगळं गाणाऱ्याला, त्याच रात्री, हातात.

पैशाचं थोडं अजून. लोकांना वाटतं गाणं स्पॉटिफायवर टाकलं की पैसे येतात. स्पॉटिफाय आपल्या देशात २०१९च्या फेब्रुवारीत आलं, आणि २०२४पासून त्यांचा नियम आहे की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही त्याला त्या रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. नवीन पोराची बरीच गाणी तिथेच अडकतात. म्हणून समोर बसलेली चाळीस माणसं त्याच्यासाठी जास्त मोलाची. दुसरं म्हणजे हक्क. कॅफेत दुसऱ्यांची गाणी वाजवायची तर कायद्याने गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेचं लायसन्स लागतं, पण पोरगं स्वतःचं गाणं म्हणत असेल आणि त्याने हक्क अजून कोणाला दिले नसतील तर परवानगी देणारा तोच, म्हणजे कॅफेवाल्याचाही त्यात फायदाच आहे. २०१२मधे कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कोणी सही घेऊन काढून घेऊ शकत नाही, हे पोरांना कोणी सांगतच नाही, ते आनंदाच्या भरात कुठल्याही कागदावर सही करून मोकळे होतात. आणि कवितांना चाली लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, सुरेश भट २००३मधे गेले, म्हणजे त्यांची गझल घ्यायची तर विचारून घ्या. तुकोबांचा अभंग घ्या, तो सगळ्यांचा आहे.

मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय होत नाही असंही सगळे म्हणतात. पुण्याला वंदे भारतनेसुद्धा बारा तास लागतात, तिथे राहायचं भाडं, नवीन ओळखी, मान्य, कधीतरी जावं लागेल. पण एकट्या गायकाचा सगळ्यात मोठा फायदाच हा की त्याला टेम्पो लागत नाही, गिटार पाठीला आणि एक बॅग. बँडला ड्रमकिट न्यायची म्हटलं तरी गाडी करावी लागते. वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, ही सगळी गावं अशी की सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारी साउंडचेक होतो. प्रत्येक गावात कॉलेज आहे, वाचनालय आहे, कोणाचा ना कोणाचा मोठा हॉल असलेलं घर आहे. वर्षातून दोनदा ही फेरी झाली, दर फेरीला दोन नवी गाणी, तर पाच वर्षांत विदर्भभर अशी माणसं तयार होतील ज्यांना त्याची गाणी पाठ असतील. जी माणसं दुसऱ्यांदा स्वतःहून येतात आणि येताना मित्राला घेऊन येतात ती मला रीलच्या लाखभर व्ह्यूजपेक्षा भरवशाची वाटतात. वऱ्हाडीत लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याचं कापसाच्या चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांची, वाट पाहणाऱ्या बापावरचं एक गाणं आहे, ते मुंबईत ऐकतील आणि टाळ्या वाजवतील, पण यवतमाळात ते ऐकताना समोरचा माणूस काय होतो ते मी पाहिलंय. ते गाणं आधी तिथेच पिकायला पाहिजे.

आईबाबांसाठी एकच सांगतो. पोराने डिग्री करावी, नोकरी करावी, जरूर करावी. डॅलस ग्रीनने कितीतरी वर्षं बँडचं काम सांभाळून आपलं एकट्याचं काम वाढवलं हे वर लिहिलंच आहे. फक्त संध्याकाळचे दोन तास आणि महिन्यातला एक शनिवार त्याच्याकडून काढून घेऊ नका, आणि त्याचं गाणं एकदा पूर्ण ऐका, मधे फोन न घेता. गायचं तर मग आधी टीव्हीवर ये, असं म्हणू नका. जो पोरगा महिनोनमहिने एका कडव्यावर बसून राहतो त्याला कष्ट कशाला म्हणतात ते कळलेलं आहे.

आणि संपादक साहेब, आता तुमच्याकडे येतो. शहरात कुठे काय याची यादी तुम्ही रोज छापता, त्यात प्रवचन असतं, नाटक असतं, कराओके असतो. त्यातच एक ओळ या पोरांसाठी ठेवा, कोण, कुठे, किती वाजता, तिकीट किती, आणि स्वतःची गाणी आहेत की कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची, हे स्पष्ट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल तो काय ऐकायला जाऊन राहिला. दुसरं, तुमच्याकडे नाटकाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, तसं महिन्यातून एकदा एका नवीन गाण्यावर लिहा. मुलाचं वय, त्याचं कॉलेज, त्याचे फॉलोअर्स किती हे सोडून गाण्यावर लिहा, शब्द कसे आहेत, चाल कुठे वळते, कुठे फसलं. चुका दाखवल्या तरी चालेल, पोट्टे रडणार नाहीत, उलट कोणीतरी लक्ष देऊन ऐकलं याचाच त्यांना आनंद होईल. गावातल्या पेपरने एका गाण्याला दिलेले दोनशे शब्द त्या पोराला पुढची जागा मिळवून देतात, हॉलवाल्याला दाखवायला हातात काहीतरी असतं.

यादीची माहिती कोण गोळा करणार असा प्रश्न असेल तर आमच्या क्लासची मुलं ते करायला तयार आहेत, दर बुधवारी संध्याकाळपर्यंत त्या आठवड्याची यादी तपासून तुमच्या ऑफिसला आणून देऊ, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू, जसं तुम्हाला सोयीचं असेल तसं कळवा. आणि परीक्षण लिहिणाऱ्यासाठी पहिल्या रांगेतली एक खुर्ची आम्ही राखून ठेवू.

आपला नियमित वाचक,
एक गिटार शिक्षक,
प्रताप नगर, नागपूर